ओळखीच्या आहेत

लिफ्टचं दार बंद होत नव्हतं, कारण सेक्रेटरींनी त्यात पाय घातला होता. आत माझी आई उभी होती. पायाशी मासळीची पाटी, तिच्यावर ओलं फडकं.

"उतर. ही लिफ्ट मासळीवाल्यांसाठी नाही. बोर्ड वाचता येत नाही?"

आईला वाचता येतं. हळू येतं, पण येतं. मी चौथीत असताना मीच तिला शिकवलं होतं. ती म्हणाली, "मी इकायला नाय आले, भाऊ. लेकीच्या घरी चालले."

"सगळ्या असंच सांगतात."

आवाज ऐकून मी तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली आले. रविवारची सकाळ होती. वॉचमन स्टुलावर बसलेला. दोन शेजारणी पावाच्या पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघत होत्या. मला पाहिल्यावर सेक्रेटरींचा आवाज एकदम सभ्य झाला.

"मॅडम, ही तुमची कोण?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला विचार लागत नाही. मला लागला. त्या दोन शेजारणी, सेक्रेटरी, माझ्या हातातलं इंग्रजी वर्तमानपत्र, फडक्याखालून ठिबकणारं पाणी, हे सगळं मी एका क्षणात पाहिलं.

"ओळखीच्या आहेत," मी म्हणाले. "गावाकडच्या."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती बोर्डाकडेच बघत राहिली.

"मग ओळख रस्त्यावर ठेवा," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी बुटाने पाटी बाहेर लोटली. लोटली नाही. लाथ मारली. या दोन शब्दांतल्या फरकासाठी पुढे मला भांडावं लागलं, म्हणून आत्ताच नीट सांगते. लाथ मारली. आईने पाटीची कड धरली होती, ती सोडली नाही. पाटीबरोबर ती बाहेर खेचली गेली आणि डाव्या हातावर पडली. बोंबील लॉबीभर पसरले. एका शेजारणीने साडी वर उचलून धरली.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. उमेळ्यात माझं एक बेडरूमचं घर आहे, माझ्या नावावर. आई पाचूबंदरला राहते, समुद्र सोडून यायला तयार नाही. पन्नास वर्षं तिने डोक्यावर पाटी वाहिली आणि त्यावर मी एम.ए. झाले. फ्लॅट घेतल्यावर मी तिला एवढंच सांगितलं होतं, "येताना पाटी नको आणूस. पिशवीत आण काय आणायचं ते." तिने का म्हणून विचारलं नाही. सहा वर्षं ती पिशवी घेऊन आली. इस्त्रीचं लुगडं नेसून, हाताला साबण लावून. त्या रविवारी बाजारात बोंबील चांगले मिळाले होते, एवढंच. लेकीसाठी म्हणून ती तशीच आली.

लिफ्टमधल्या बोर्डावर लिहिलं आहे: "मासळीवाले, कचरा व पाळीव प्राणी यांनी लिफ्टचा वापर करू नये." कचऱ्याने लिफ्ट वापरू नये असं लिहिणाऱ्या माणसाच्या मराठीला मी मनात हसायचे. सहा वर्षं हसले. बोर्ड काढा, असं एकदाही म्हटलं नाही.

सेक्रेटरी निवृत्त अधिकारी आहेत. कोणत्या खात्याचे ते कुणालाच नक्की माहीत नाही, पण अधिकारी आहेत. दारावर पितळी पाटी: मानद सचिव. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली ते समतेवर बोलतात आणि भाषणानंतर सफाईवालीला जिलेबी वेगळ्या कागदावर देतात. मराठी भाषा दिनाला त्यांनी मला शाल-नारळ दिला होता. "आपल्या सोसायटीचं भूषण, ज्ञानाच्या उपासक," असं माइकवरून म्हणाले होते. मी पण ती शाल घेऊन घरी आले होते. त्या कार्यक्रमातला फोटो आहे माझा. छान आलाय.

आईला, तिच्या रिकाम्या पाटीसकट, मी रिक्षात घातलं. डॉक्टरांनी हाताला पट्टी बांधली, सूज उतरली नाही तर हाडाचा फोटो काढा म्हणाले. मी म्हटलं, "चल माझ्याकडं." आई म्हणाली, "नाय बाय. माज्या घरी सोड मना."

वाटेत ती एवढंच बोलली. मी जे म्हणाले होते त्याबद्दल एक शब्द नाही.

रात्रभर मी एक पुस्तिका वाचत बसले. आमच्या ग्रंथालयात नागरिकांच्या हक्कांवर एक पुस्तिका आहे, तिची झेरॉक्स मी स्वतः मुलांना वाटली होती. तक्रार कशी द्यावी, पोलिसांनी काय करणं बंधनकारक आहे, प्रत कशी मिळते. सगळं पायरी पायरीने. वाचून मला धीर आला. वाचलेल्या माणसांना असा धीर लवकर येतो. खरं सांगायचं तर मी न्यायासाठी निघालेच नव्हते. सेक्रेटरींवर गुन्हा दाखल झाला की गुन्हा त्यांचा ठरेल, आणि मी लॉबीत उच्चारलेले ते दोन शब्द कुठल्यातरी फायलीखाली झाकले जातील, असं मला वाटत होतं.

सोमवारी सकाळी रजा टाकून आईला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. मुख्य साहेब बंदोबस्ताला गेले होते. कसला बंदोबस्त ते विचारायचं नसतं. बाकावर जागा होती, पण आई भिंतीपाशी जमिनीवर बसली. मी हात धरून उठवायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लुगडं ओलं हाय." लुगडं ओलं नव्हतं. मासळी बाजारात, दवाखान्यात, माझ्या शाळेत पालकसभेला, ती आयुष्यभर खालीच बसली होती. पुस्तिकेत सगळं होतं. खुर्चीबद्दल काही नव्हतं.

दोन तासांनी हवालदारांनी बोलावलं. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, समोर थंड झालेला चहा. वाईट माणूस नव्हता. दिवसभरात बारा भांडणं ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा होता.

"मारहाण झाली?"

"पाटीला लाथ मारली. आई पडली."

"म्हणजे आईंना नाही मारलं."

"पाटी आईच्या हातात होती."

"बरोबर. पाटीला मारलं." ते कीबोर्डवर एकेक बोट टाकत म्हणाले. "पाटी कुठंय? आणलीत?"

मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

"समुद्राला दिली."

"काय?"

"पाय लागला तिला. बुटाचा. ती पाटी मंग डोक्यावर घेवाची नसते. काल भरतीला सोडली, हळद वाहून."

मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आमच्यात पाटी म्हणजे लक्ष्मी. तिला कुणाचा पाय लागला तर ती घरात ठेवत नाहीत, विकत नाहीत, जाळत नाहीत. दर्याला देतात. आणि मी, पुस्तिका वाचणारी, रात्रभर पुरावा पुरावा करत बसले होते आणि आईला एक फोन केला नव्हता.

हवालदार हसले. अगदी मनापासून. शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐकलं का? मुद्देमाल समुद्रात. आता समुद्राला समन्स काढू का मावशी?"

शेजारचं टेबलही हसलं. आई पण थोडी हसली. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, ही तिची पन्नास वर्षांची सवय. ते हसू मला अजून दिसतं.

कॅमेऱ्याची चौकशी झाली. त्यांनी आमच्यासमोरच सेक्रेटरींना फोन लावला. कॅमेरा आठवडाभर बंद होता, असं कळलं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "साहब, मैं तो पंप चालू करने गया था." स्टुलावर बसलेला माणूस पंपापाशी होता. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. त्याची नोकरी सेक्रेटरींच्या सहीवर आहे. आणि माझी नोकरी कुणाच्याच सहीवर नसताना मी काय केलं होतं?

अखेर एक नोंद झाली. अदखलपात्र. म्हणजे आम्ही सांगितलं ते कागदावर आलं, आता पोलीस स्वतःहून काही करणार नाहीत, तुम्हाला वाटलं तर कोर्टात जा. हवालदारांनी हे सकाळपासून चार वेळा म्हटलेल्या माणसासारखं म्हटलं. सरकारी दवाखान्यासाठी एक चिठ्ठी दिली. निघताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. एकाच बिल्डिंगमध्ये राहायचंय तुम्हाला. विचार करा."

सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालताना आई आवाज न करता रडली. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड नीट जुळेलच असं नाही.

पुढचे तीन दिवस सगळ्यांना माझी फार काळजी वाटू लागली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हात जोडलेल्या चिन्हासह लिहिलं की किरकोळ गैरसमजाचं भांडवल नको. पाचूबंदरहून मामा आला. मामा आमच्या कोळीवाड्याच्या पंचांत बसतो. म्हणाला, "आपल्यातली बाई कवा चौकीची पायरी चढली नाय. काय असल ते आपन बसून मिटवू. पोलिसात गेलं की घरातलं सगलं बाहेर येतं, बाय." त्याला काय माहीत होतं, कोण जाणे. मी चहा ठेवायला उठले.

गुरुवारी रिपोर्ट घेऊन आम्ही परत गेलो. हवालदारांनी फिल्म उजेडाला धरली आणि सुस्कारा सोडला. "फ्रॅक्चर. आता गुन्हा घ्यावाच लागेल." मग फिल्म पाकिटात सरकवत, "की बसून बोलताय आधी?"

सेक्रेटरी अर्ध्या तासात आले. सफारी, हातात फाइल. त्यांना खुर्ची मिळाली. चहाही आला. आई भिंतीपाशी जमिनीवर, प्लास्टरचा हात मांडीवर. सेक्रेटरींनी घरूनच कागद टाइप करून आणला होता. मराठी शुद्ध होतं, बोर्डापेक्षा बरंच. "सदर महिला तोल जाऊन पडल्या. आमच्यात आपसांत समझोता झाला असून माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही." खाली आईचं नाव आणि सहीची जागा.

"दवाखान्याचा खर्च सोसायटी बघेल," ते म्हणाले. "माणुसकी म्हणून. मॅडम, मला जर तेव्हाच कळलं असतं की या तुमच्या मातोश्री आहेत, तर असा प्रसंग आला असता का? मी तुम्हाला विचारलं होतं की नाही?"

विचारलं होतं. ते खरं बोलत होते. त्या खोलीत त्या दिवशी तेवढंच एक वाक्य पूर्ण खरं होतं. माझी आई असती तर त्यांनी लाथ मारली नसती. कुणाचीच नसलेली कोळीण होती, म्हणून मारली. आणि ती कुणाचीच नाही, हे त्यांना मी सांगितलं होतं.

आईने उजवा हात पुढे केला. "द्या. करते सही. जाऊ दे बाय, तुला तिथं ऱ्हावाचं हाय."

तिची सही मी शिकवलेली. माझ्या शाळेच्या दगडी पाटीवर, कंदिलाखाली, जोडाक्षर सुटू नये म्हणून तिने जीभ दातांत धरलेली. ती सही त्या कागदाखाली जाणार होती.

मी कागद तिच्या हातातून घेतला. फाडला नाही, तो पुरावा होता, एवढं आता मला कळायला लागलं होतं. पिशवीत ठेवला. आणि हवालदारांना म्हटलं, "तक्रार घ्या."

सेक्रेटरींना बाहेर बसवलं. खुर्ची रिकामी झाली. मी आईला म्हटलं, "वर बस." ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, हवालदारच म्हणाले, "बसा मावशी, बसा. खाली बसलात तर मला ऐकू नाही येत." ती खुर्चीच्या कडेवर बसली, उठायला सोपं पडेल अशी.

जबाब टाइप व्हायला दीड तास गेला. मग हवालदारांनी तो वाचून दाखवला. "...सदर इसमाने वाद घातला व त्यात पाटीस पाय लागून मी खाली पडले..."

"पाय लागून नाही," मी म्हटलं. "लाथ मारली."

"अर्थ एकच."

"नाही. पाय गर्दीत लागतो. लाथ मारावी लागते."

त्यांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि शब्द बदलला. पुढे वाचू लागले.

"...त्या वेळी माझी मुलगी तेथे हजर नव्हती. ती नंतर आली."

मी आईकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती, प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं उजव्या हाताने चोळत. हे तिने मी रिपोर्टची झेरॉक्स काढायला बाहेर गेले तेव्हा सांगितलं असणार. ती मला वाचवत होती. मी नव्हतेच, म्हणजे मी काही बोललेच नाही. पुढे कोर्टात कुणी विचारायचा प्रश्नच नाही. तिने रविवारपासून पाच दिवस हे मनात तयार करून ठेवलं होतं. पाटी समुद्रात गेली, कॅमेरा बंद, वॉचमन पंपापाशी, दोन्ही शेजारणी म्हणे पाव घेऊन केव्हाच वर गेलेल्या. पाहणारी एकटी मी उरले होते. आणि माझी अब्रू राहावी म्हणून तिने तिची एकुलती एक साक्षीदार पुसून टाकली होती.

सहा वर्षं मी तिला लपवलं. आता ती मला लपवत होती.

"हे चुकीचं आहे," मी म्हटलं. "मी तिथे होते."

"आये, गप ऱ्हा," आई पुटपुटली. तिला काही सुचेनासं झालं की ती मलाच आये म्हणते.

हवालदार थांबले. "मॅडम, मग आईंनी खोटं सांगितलं का?"

"माझ्यासाठी सांगितलं. लिहा: माझी मुलगी खाली आली. सचिवांनी तिला विचारलं, ही तुमची कोण. मुलगी म्हणाली, ओळखीच्या आहेत. त्यानंतर त्यांनी पाटीला लाथ मारली."

हवालदारांनी कीबोर्डवरून बोटं उचलली.

"हे घालायची गरज नाही," हवालदार हळू आवाजात म्हणाले. पहिल्यांदा ते माझ्याशी माणसासारखं बोलत होते. "त्यांचा वकील यावरच धरेल तुम्हाला. भर कोर्टात. लाज काढेल."

"झालं ते असं झालं."

"मावशी, घालू?"

आईने प्लास्टरवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मना तवा ऐकू आलं होतं." मला उद्देशून. त्याबद्दल पाच दिवसांत पहिल्यांदा. "मना वाटलं, पोरीचं बरोबर हाय. मी वास येनारी. कशाला सांगेल ती."

आणि हवालदारांना, "घाला."

त्यांनी ते घातलं. आईने वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून, अर्धा तास लावून. कुणी घाई केली नाही. मग जीभ दातांत धरून सही केली. एक प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली. पुस्तिकेतली तेवढी गोष्ट जशीच्या तशी खरी निघाली.

त्यानंतर काय होतं, ते कुणी विचारलं तर सांगते. पंचनाम्याला दोन पोलीस येतात, लॉबीची फरशी मोजतात, जिथे आता फिनाइलचा वास असतो. शेजारच्या दारांच्या भिंगामागे सावल्या हलतात. लिफ्टमध्ये तुम्ही शिरलात की इतरांना अचानक जिना चढायची आवड निर्माण होते. तपास अधिकारी बदलतो, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आरोपपत्र जायला आठ महिने लागतात. मग तारखा. दिवसभर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचं. सेक्रेटरींना जामीन पहिल्याच दिवशी झाला, आणि त्या पंधरा ऑगस्टलाही झेंडा त्यांनीच फडकवला. संविधानावर बोलले. मी खिडकीतून ऐकलं. भाषण बरं होतं.

आईचं मनगट वाकडं जुळलं. पाटी उचलताना हात दगा देतो. बाजारातली तिची ओट्यावरची जागा दुसऱ्या बाईला गेली. सकाळी चारला तिला अजून जाग येते. उठून बसते, मग आठवतं. पाचूबंदरच्या घरात पाटीच्या जागी आता काही ठेवलेलं नाही. मी एकदा म्हटलं, नवी आणू का? म्हणाली, "कशाला? टांगून ठेवाला?"

मी माफी मागितली तिची. एकदा नाही, पुष्कळदा. ती दर वेळी विषय बदलते. जेवलीस का, विचारते. माफी तिने दिली की नाही, मला माहीत नाही. मागायची सोय आहे, एवढंच.

पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. सेक्रेटरींच्या वकिलाने काय विचारायचं ते त्या जबाबात मीच त्यांना लिहून दिलं आहे. ते उभे राहतील, काळा कोट सावरतील आणि विचारतील, "मॅडम, आपण त्या महिलेला त्या वेळी काय म्हणालात?" आई समोरच्या बाकावर असेल. बाकावर, जमिनीवर नाही. मी कोणाचं मन राखणार नाही, माझं तर मुळीच नाही. मोठ्याने सांगेन, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं: मी माझ्या आईला ओळखीच्या म्हणाले. आणि मग न विचारता पुढचं सांगेन. त्यानंतर यांनी लाथ मारली.

बोर्ड अजून लिफ्टमध्ये आहे. तो काढायला लावायचा अर्ज मी दिलाय, स्मरणपत्रंही दिलीत. तोपर्यंत दर रविवारी मी बाजारातून मासळी आणते. पिशवीतून नाही. पाटी घेतली आहे मी, माझ्या मापाची. ती घेऊन लिफ्टने वर जाते. कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.